वजा नऊ तास आणि कांबळेंचा शनिवार

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात करवंट्या साचतात तसे ते साचतात, आणि एक दिवस पाय लागला की कळतं, अरे, बराच ढीग झाला की! परवा एका लग्नात शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "रिटायर झाल्यावर सध्या काय करता?" मी म्हणालो, "वेळ वजा करतो." ते हसले. मग मी त्यांना एक किस्सा सांगितला. मठ्ठा वाढायला येईपर्यंत पाच सांगून झाले होते आणि त्यांची जिलबी तशीच राहिली होती.

आधी ऑफिस सांगतो. रत्नागिरीत एका औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक जीप आणि आम्ही चौघं. जिल्ह्यात कुणाला साप चावला की त्याचा फॉर्म भरून आमच्याकडे येतो. फॉर्मवर दोन वेळा असतात, चावल्याची आणि दवाखान्यात पोचल्याची. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरीतून पहिली वजा करायची आणि माणसाला पोचायला किती वेळ लागला ते काढायचं. "एवढंच?" असं मी मुलाखतीत म्हणालो होतो. देवरूखच्या कॉलेजात तीस वर्षं हेच शिकवून आलेला माणूस मी. ते "एवढंच" मला चार वर्षं पुरलंय!

फॉर्म कॉम्प्युटरवर चढवते नीलिमा. जीप चालवतात आणि गावोगावचे फॉर्म गोळा करून आणतात परकारभाई. आणि आकडे तपासतात कांबळे. कांबळेंचं एक दुखणं सगळ्या ऑफिसला माहीत आहे. त्यांची बायको मंडणगडकडच्या एका वाडीवर शाळेत शिक्षिका. लग्नाला तेरा वर्षं झाली, तेरा वर्षं हे इथे आणि त्या तिथे. पती-पत्नी एकत्रीकरणाखाली मॅडमची बदली रत्नागिरीकडे व्हावी म्हणून दरवर्षी अर्ज करतात. दरवर्षी अर्ज जातो, कांबळे राहतात.

*

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. नीलिमा एकदम ओरडली, "सर, हा माणूस साप चावायच्या आधी नऊ तास दवाखान्यात जाऊन बसला होता!"

मी जाऊन बघितलं. स्क्रीनवर खरंच वजा नऊ तास पंधरा मिनिटं! संगमेश्वरकडचा एक शेतकरी. भाजावळीसाठी कवळं, म्हणजे झाडाच्या हिरव्या फांद्या, तोडताना सकाळी साडेदहाला हाताला फुरसं चावलं, दवाखान्यात पोचला सव्वा वाजता. दुपारच्या सव्वा! नीलिमाने आपलं १:१५ टाकलं, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी सव्वा म्हणजे मध्यरात्रीनंतरचा सव्वा. त्याला जेवणाची वेळ कशी कळणार?

परकारभाई चहा घेत उभे होते. म्हणाले, "शहाणा माणूस हाय तो. आमच्या गावात चावल्यावर तीन तास चर्चा होते, जायचं का नाय म्हणून. हा आधीच जाऊन बसला!"

त्या दिवसापासून तेरा, चौदा, पंधरा असे तास लिहायचे हे ठरलं. कांबळेंनी ते इतकं मनावर घेतलं की खालच्या टपरीवर जाऊन म्हणाले, "सोळा वाजता चार चहा पाठवा." टपरीवाल्याने सोळा चहा पाठवले!

*

दुसरा किस्सा माझ्याच फजितीचा, तेव्हा पटकन उरकतो.

पुण्याहून एक मोठे डॉक्टर आमचं काम बघायला आले. मी ऐटीत रिपोर्ट पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"सरासरी वेळ नऊ हजार नऊशे?"

"हो."

"मिनिटं? म्हणजे जवळजवळ सात दिवस! अहो, मग पेशंट पोचला कसा?"

हे सॉफ्टवेअर दोन वेळांमधला फरक आत सेकंदांत धरून ठेवतं. तीन हजार सहाशेने भागायचं मी विसरलो होतो! तीस वर्षं मुलांचे याच चुकीला मार्क कापले होते मी. हळूच म्हणालो, "सर, ते सेकंद आहेत. पावणेतीन तास."

"कोकणात वेळ सेकंदात मोजतात?"

"नाय साहेब," दारातून परकारभाई म्हणाले, "एस्टीत मोजतात."

*

आणि ते अगदी खरं होतं.

मंडणगडच्या डोंगरातल्या एका आजींचा फॉर्म आला. काजूच्या बागेत पायाला चावलं. वेळेच्या रकान्यात लिहिलेलं: "दुपारची गाडी गेल्यावर." आता हे सॉफ्टवेअरमध्ये कसं घालणार? नीलिमाने डेपोत फोन लावला. डेपोतून उत्तर आलं, त्या दिवशी ती गाडी रद्द होती!

झालं. फॉर्म संशयास्पद. परकारभाईंना जीप घेऊन परत पाठवलं. नीलिमाही बरोबर गेली. आजी आता ठणठणीत, अंगणात काजू सोलत बसलेल्या.

नीलिमाने विचारलं, "आजी, त्या दिवशी गाडी आलीच नव्हती. मग गाडी गेल्यावर चावलं असं कसं सांगितलंत?"

आजींनी हातातली काजूबी खाली ठेवली. "नाय आली तर नाय आली. तिची वेळ झाली व्हती ना!"

"पण तुम्हाला कसं कळलं वेळ झाली ते?"

"गो बाय, माझा झील मुंबयस असतो. तो कधी येल तेचा काय नेम नाय, पन आला तर त्याच गाडीन येल. रोज त्या टायमाला मी बांधावर येऊन उभी ऱ्हातय. त्या दिवशी उभी ऱ्हायले, गाडी नाय आली, परत फिरले, तवा चावला."

नीलिमाने ऑफिसात येऊन त्या गाडीची ठरलेली वेळ टाकली, चौदा वीस. मी म्हटलं, "पुरावा काय?" तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुढचा फॉर्म उचलला. चार वर्षांत आमच्या डेटात एवढी पक्की वेळ दुसरी नसेल.

*

लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यांतले फॉर्म म्हणजे वेगळीच डोकेदुखी. तिथे तिन्ही पाळ्या चालतात. एकाला रात्री अकरा पन्नासला गेटजवळच्या गवतात चावलं. तो एक दहाला दवाखान्यात. मधे मध्यरात्र गेली, म्हणजे तारीख बदलायला हवी. पण फॉर्मवर दोन्हीकडे एकच तारीख. उत्तर आलं, वजा बावीस तास चाळीस मिनिटं!

नीलिमाने त्या माणसाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "तारीख चुकीची लिहिलीत ओ तुम्ही. बारा वाजले की तारीख बदलते."

"घरात बदलत असंल, मॅडम. आमच्याकडं पाळीवर बदलते. माझी तिसरी पाळी सुटली सकाळी सातला. हजेरीला सगळी रात्र एकच तारीख."

"मग रविवार कधी संपतो तुमचा?"

"तिसऱ्या पाळीवाल्याचा? सोमवारी सकाळी सातला!"

आम्ही हसलो. कांबळे मात्र हातातला पेन खाली ठेवून ऐकत होते. ते सोमवारी पहाटे साडेचारच्या एस्टीने मंडणगडहून निघतात आणि दहाला थेट ऑफिसात येतात. फोन ठेवायच्या आत म्हणाले, "नीलिमा, तिथं एखादी जागा रिकामी आहे का विचार गो."

*

शनिवारी आमचं ऑफिस बाराला सुटतं. कांबळेंची एस्टी साडेबाराची. संध्याकाळी सहाला ते वाडीवर पोचतात. तेव्हा एक नियम आहे, आणि तो आजही लागू आहे: शनिवारी सकाळी अकरानंतर कांबळेंच्या टेबलावर नवीन फॉर्म ठेवायचा नाही.

हा नियम माझ्यामुळे झाला. एका शनिवारी पावणेबाराला मी त्यांना म्हणालो, "कांबळे, एवढा एक बघून जा. दहा मिनिटांचं काम." त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पण नाही म्हणाले नाहीत. त्या फॉर्ममध्ये नेमकी एक भानगड निघाली, बस गेली, पुढची बस खेडला बदलावी लागली आणि तीही उशिरा आली.

सोमवारी मी विचारलं, "पोचलात ना नीट?"

"पोचलो सर. नऊ दहाला. तीन तास दहा मिनिटं गेली." आवाजात राग नव्हता. वजाबाकी करून दाखवावी तसं सांगितलं त्यांनी, आणि कामाला लागले. मला फार लाज वाटली. तीस वर्षं मी वेळ हा एक व्हेरिएबल म्हणून शिकवला. कुणाच्या हातून तो काढून घेतला तर काय होतं, ते त्या सोमवारी कळलं.

नीलिमा त्यांना एकदा म्हणाली होती, "पण व्हिडिओ कॉल हाय की रोज!" कांबळे म्हणाले, "हाय ना. रेंज शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की येते. आमच्या मॅडम टाकीवर आणि मी गच्चीवर. लोकांना वाटतं, दोघं पाणी बघतायत!"

आम्ही खूप हसलो. आणखी एकदा परकारभाईंनी सहज विचारलं, "कांबळे, पोराबाळांचं काय?" तेव्हाही ते हसतच म्हणाले, "वेळ कुठं मिळतोय, भाई?" त्या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

*

आता शेवटचा. हा मी त्या लग्नात सांगितला नाही. पंगतीत सांगण्यासारखा नाही तो.

यंदा कांबळेंचा अर्ज पहिल्यांदाच पुढे सरकला. रत्नागिरीजवळच्या एका शाळेत एक जागा रिकामी झाली. अर्जदार जोडपी दोन, कांबळे आणि गुहागरकडचं एक. ज्यांची ताटातूट जास्त काळाची, त्यांना ती जागा. कांबळेंनी अर्जात अभिमानाने लिहिलं, "विभक्त कालावधी: तेरा वर्षे." अर्ज परत आला. कुठल्याशा टेबलावरून शेरा मारलेला: "सुट्ट्यांमधील एकत्र वास्तव्य वजा करून निव्वळ विभक्त कालावधी तासांसह दर्शवावा."

नीलिमा खवळली. "आता काय नवराबायकोचे तास मोजायचे?"

कांबळे शांतपणे म्हणाले, "मोजू. आपल्याला दुसरं येतं काय?"

प्रश्न होता, तेरा वर्षांच्या वेळा आणायच्या कुठून? दुसऱ्या दिवशी कांबळे एक पिशवी घेऊन आले. आत शाळेच्या हजेरीच्या वह्या. मॅडमनी वर्षाला एक अशा तेरा भरल्या होत्या. पहिल्या पानावर मोत्यासारख्या अक्षरात: इयत्ता पहिली, पटसंख्या एक. विद्यार्थ्याचं नाव, कांबळेंचं. प्रत्येक ओळीत आल्याची तारीख, वेळ, गेल्याची तारीख, वेळ. शेऱ्याच्या रकान्यात कुठे "ओला आला", कुठे "ताप होता, तरी आला", कुठे "बस चुकली, साहेबांनी काम दिले." ते साहेब म्हणजे मी.

नीलिमाने तीन दिवसांत सगळं चढवलं, मॅडम रत्नागिरीला येतात त्या सुट्ट्याही धरून. मी कमांड लिहून दिली. तारीख आणि वेळ एकत्र बांधायची, जाण्यातून येणं वजा करायचं, तीन हजार सहाशेने भागायचं आणि बेरीज मारायची. तेरा वर्षांत एकत्र निघाली साडेतीन वर्षं. विभक्त साडेनऊ. बदलीच्या यादीत गुहागरचं जोडपं त्यांच्या फक्त तीन महिने मागे होतं. तीन महिन्यांनी का होईना, जागा कांबळेंची! परकारभाईंनी खालून कोकम सरबत मागवलं.

मे महिना होता, मॅडम सुट्टीत रत्नागिरीला आलेल्या. सही करायला ऑफिसात आल्या. बारीक अंगाच्या, कडक इस्त्रीची साडी, बोलणं वर्गात बोलतात तसं स्पष्ट. कांबळेंनी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं आणि आकडा दाखवला. त्यांनी तो वाचला. मग सगळ्या ओळी वरपासून खाली बघितल्या, पेपर तपासतात तशा.

"यात बसमधला वेळ कुठे धरलात?"

"विभक्तमध्ये," कांबळे म्हणाले. "दारात आल्यावर एकत्र, दारातून निघाल्यावर विभक्त."

"ते चूक आहे," मॅडम म्हणाल्या. "येतानाचे साडेपाच तास एकत्रमध्ये घ्या."

कुणालाच काही कळेना. मी हिशेब केला. तेरा वर्षांतले येतानाचे सगळे साडेपाच तास मिळून चार महिने आणि वर बारा दिवस. तेवढे इकडून तिकडे गेले तर विभक्त काळ चार महिन्यांनी कमी. मी म्हणालो, "मॅडम, असं केलंत तर गुहागरवाले पुढे जातील. जागा एकच आहे."

"माहीत आहे मला."

"आणि नियमात प्रवासाबद्दल एक अक्षर नाही. आपण धरलंय त्यात खोटं काही नाही."

"तुमच्या बाजूने नसेल, सर. खाली सही माझी आहे." त्यांनी पदर सारखा केला. "शनिवारी सकाळची शाळा असते. अकराला मी घरी येते. साडेबाराला ह्यांची बस सुटते, आणि साडेबारापासून मी घरात एकटी नसते. मग एकटी होते असं लिहून कसं देऊ?"

कांबळे खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. तेरा वर्षं एकेका मिनिटासाठी भांडलेला माणूस. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, निदान "अगं, ऐक तरी" म्हणेल. त्यांनी टेबलावरच्या वह्या गोळा करून एकीवर एक रचल्या.

नीलिमाने डोळे पुसले आणि विचारलं, "आणि मॅडम, सोमवारी जातानाचे?"

"ते विभक्तच. पण ते दारातून निघाल्यापासून नका धरू. पहाटे हे उठून दिवा लावतात, तिथपासून धरा."

मी कांबळेंकडे बघितलं. "किती होतात?"

"पाऊण तास, सर. दर सोमवारी," कांबळे म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्यांनी कमांड नव्याने लिहायला घेतली.